ठिपक्याचा माग

आमच्या घरात तांब्याचा एक हंडा आहे. त्याच्या गळ्याखाली आजीच्या वडिलांचं नाव आहे, बोट फिरवलं की हाताला लागतं. अक्षरं रेघांची नाहीत. छिन्नीच्या टोकाने एकेक ठिपका ठोकत नेलाय आणि त्या ठिपक्यांच्या रांगेतून नाव उमटलंय. पुढे गाव, तालुका अमळनेर आणि लग्नाची तिथी. कित्येक वर्षं चिंच आणि राख लागून नाव पुसट झालं, पण गेलं नाही. खानदेशात पूर्वी लग्नाची पंगत म्हटली की भाऊबंदांच्या घरांतून भांडी गोळा व्हायची. पंगती उठल्या, भांडी घासून अंगणात पालथी पडली, की बायका आपापली निवडायला बसत. एखाद्या पातेल्यावरून दोघींचं जुंपलंच, तर आजी अहिराणीत एवढंच विचारायची, "नाव शे का?" नाव निघालं की भांडण मिटायचं.

मायक्रोडॉटबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा हंडा आठवला. मायक्रोडॉट म्हणजे अर्ध्या-एक मिलिमीटरची प्लास्टिकची चकती, वाळूच्या कणाएवढी. तिच्यावर लेझरने एक क्रमांक कोरलेला असतो. अशा हजारो चकत्या पारदर्शक डिंकात कालवून मोटारीच्या इंजिनावर, सांगाड्यावर, दारांच्या आतल्या बाजूला फवारतात. डिंक वाळला की डोळ्यांना काही दिसत नाही. अतिनील दिवा धरला की ठिपके चमकतात आणि भिंगाखाली क्रमांक वाचता येतो. चोराने शंभर खरवडले तरी एकशेएकावा कुठेतरी राहतोच, आणि ओळख पटवायला एक पुरतो. हंड्यावर ठिपक्यांचं नाव झालं होतं, इथे अख्खं नाव एका ठिपक्यात जाऊन बसलंय. या दोन ठिपक्यांमधला रस्ता मला खानदेशातूनच शोधायचा होता, कारण मौल्यवान वस्तू ओळखण्याचा, तिच्यावर खूण करण्याचा धंदा इथे फार जुना आहे.

शोधाची सुरुवात धुळ्यातून करावी लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि पाठोपाठ त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदपत्रांत खुणांचं एक मोठं शास्त्र दडलेलं आहे. मराठी राज्यातल्या अस्सल कागदाच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब असे. मोर्तब म्हणजे लेखनाची मर्यादा. त्याच्या खाली कुणी एक ओळ जरी घुसडली तरी ती खोटी ठरणार. शिक्कामोर्तब हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण तो मुळात कागदाच्या दोन टोकांना घातलेल्या दोन कुलपांचं नाव आहे. वतनाच्या तंट्यात महजर, म्हणजे पंचांचा लेखी निवाडा, व्हायचा तेव्हा गावच्या लोकांच्या साक्षी लागत, आणि बहुतेकांना लिहिता येत नसे. मग पाटलाच्या नावापुढे नांगर काढत, सुताराच्या नावापुढे त्याचं हत्यार, शेट्याच्या नावापुढे तराजू. याला निशाणी म्हणत. माणूस निरक्षर असला तरी त्याची खूण वाचता येत होती, आणि ती खूण त्याच्या हातातल्या कामावरून ठरलेली होती. ओळखीची इतकी देखणी पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.

'मागोवा' या शब्दाचं मूळही याच मातीत पाय रोवून आहे. माग म्हणजे पावलांची रांग. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला. गावच्या जागल्याचं काम त्यात सविस्तर आहे. रात्री पहारा द्यायचा, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची, गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक ठेवायची, आणि चोरी झाली तर चोराचा माग काढायचा. माग गावाच्या शिवेबाहेर गेल्याचं त्याने दाखवून दिलं की त्याच्यावरचा भार उतरायचा आणि पुढच्या गावच्या जागल्यावर चढायचा. खानदेशात हे काम बहुतांशी भिल्लांकडे होतं. धुळीत उमटलेल्या टाचेवरून, बैलाच्या खुरावरून, ओल्या गवताच्या कलावरून ते वाट सांगत. चोरीला गेलेल्या वस्तूवर काही खूण असो वा नसो, ती नेणाऱ्याची खूण जमिनीवर पडलेली असायची आणि ती वाचणारा माणूस गावात हजर असायचा. शिवेवर माग सोपवण्याची ती रीत मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात एक क्षणही असा नव्हता की चोरी कुणाच्याच नावावर नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात हा जागल्या पुन्हा येईल.

आता सराफ कट्ट्याकडे. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. १८५४ पासूनची राजमल लखीचंद, १९७४ मध्ये सुरू झालेली आर. सी. बाफना, अशा पेढ्यांमुळे इंदूर-सुरतपासून विदर्भापर्यंतचे लोक लग्नाचं सोनं घ्यायला इथे येत आले. इथल्या सोन्याला जे नाव मिळालं ते घडणावळीपेक्षा शुद्धतेचं, आणि शुद्धता डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सराफाच्या धंद्याचा पाया खुणेवरच उभा आहे.

सर्वात जुनी खूण नाण्यावरची. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या आहत नाण्यांवर राज्याची चिन्हं तर आहेतच, पण त्यांच्या आजूबाजूला किंवा पाठीवर अगदी बारीक ठसे आहेत. नाणं हातात आलेल्या व्यापाऱ्याने ते पारखून घेतलं आणि आपला ठसा मारला, असा त्यांचा अर्थ अभ्यासक लावतात. मुघलांच्या रुपयांवरही सराफांचे असेच बारीक ठसे सापडतात. त्या काळी खानदेशच्या सुभ्याचं मुख्य ठाणं बुऱ्हाणपूर होतं आणि तिथे टांकसाळ होती. रुपया नवा असेल तर पूर्ण किमतीला चाले, झिजलेला किंवा परक्या टांकसाळीचा असेल तर सराफ बट्टा कापून घ्यायचा. नावाला बट्टा लागतो तो तिथूनच आलेला. बावनकशी माणूस, खोटं नाणं, कसाला उतरणं, कसोटीचा क्षण, हे सगळे शब्द सराफाच्या गादीवरून उठून आपल्या बोलण्यात आले. कसोटी म्हणजे काळा, गुळगुळीत दगड. दागिना त्यावर घासला की सोन्याची रेघ उठते. तिच्याशेजारी ठाऊक शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढून, वर तेजाबाचा थेंब सोडून, कुठली रेघ किती टिकते ते पाहायचं. अनुभवी डोळ्याला त्या रेघेत सोनं किती आणि तांबं किती ते कळतं. पण हा निकाल सराफाच्या डोळ्यांत राहतो. गिऱ्हाईकाला त्यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त सराफावर विश्वास टाकता येतो.

हा निकाल दागिन्यावरच लिहून ठेवायची कल्पना इंग्लंडमध्ये रुजली. १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने चांदीवर बिबट्याच्या तोंडाचा ठसा सक्तीचा झाला. पुढे कारागिरांना आपला माल लंडनच्या सोनारांच्या संघाच्या वाड्यात, म्हणजे हॉलमध्ये, तपासायला न्यावा लागू लागला आणि त्या वाड्यावरून हॉलमार्क हे नाव पडलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने सोन्याचं हॉलमार्किंग २००० मध्ये आणि चांदीचं २००५ मध्ये सुरू केलं, पण ते सराफाच्या मर्जीवर होतं. जून २०२१ पासून ते देशातल्या २५६ जिल्ह्यांत सक्तीचं झालं. जळगाव आणि धुळे दोन्ही त्या पहिल्या यादीत होते. आणि १ जुलै २०२१ पासून दागिन्यावर एचयूआयडी आला, म्हणजे त्या एका दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

हे घडतं कसं तेही सांगतो, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना ते कुणी सांगत नाही. नोंदणीकृत सराफ दागिने मान्यताप्राप्त तपासणी केंद्राकडे पाठवतो. तिथे आधी क्ष-किरणांच्या यंत्राने वरवरची शुद्धता पाहतात. मग नमुन्यातून कणभर सोनं काढून ते भट्टीत शिसं-चांदीसोबत तापवतात. हिणकस धातू जळून-शोषून जातात, आम्लात चांदी विरघळते, आणि उरलेल्या निव्वळ सोन्याचं वजन करून टक्का काढतात. कसोटीच्या दगडाहून ही परीक्षा कितीतरी कडक आहे. माल उतरला तर लेझरने तीन खुणा उमटतात. ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२के९१६, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं) आणि तो सहा अक्षरांचा क्रमांक. इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० अंक धरले तर सहा जागांत २१७ कोटींहून जास्त वेगळे क्रमांक बसतात. मंगळसूत्राच्या वाटीच्या कडेवर हे सगळं इतकं बारीक असतं की भिंगाशिवाय वाचता येत नाही. मायक्रोडॉट अजून आपल्या गाडीवर आला नसला तरी त्याचा सख्खा भाऊ जळगावातल्या लाखो बायकांच्या गळ्यात आधीच आला आहे.

पण इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. वस्तूवरची खूण बहुधा दोनपैकी एक गोष्ट सांगते. 'मी खरी आहे' किंवा 'मी अमक्याची आहे'. सराफाचा ठसा, कसोटीची रेघ, हॉलमार्क ही पहिल्या जातीची घराणी. हंड्यावरचं नाव, बैलाच्या पुठ्ठ्यावरचा डाग, मायक्रोडॉट ही दुसऱ्या जातीची. एचयूआयडी मोबाईलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार, शुद्धता हे सगळं येतं. मालकिणीचं नाव येत नाही. शुद्धता कमी भरली तर जितकी तूट त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला मागता येतो, हा मोठा हक्क आहे आणि तो जितक्या लोकांना ठाऊक हवा तितक्यांना ठाऊक नाही. मात्र दागिना चोरीला गेला तर हा क्रमांक आपोआप धावून येत नाही. चोरीचं सोनं मुशीत आटलं की त्याची लगड होते आणि लगडीला कुणाचंच नाव नसतं. क्रमांक पावतीवर असेल आणि फिर्यादीत लिहिला असेल, तरच न आटवलेला दागिना हाती लागल्यावर तो कामाला येतो.

सोन्याइतकीच जळगाव-धुळ्याची दुसरी संपत्ती म्हणजे पांढरं सोनं. तिसऱ्या जातीची खूण इथे जन्मली. ती विचारते, जबाबदार कोण? अमेरिकेत यादवी पेटली आणि १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. भाव चढले तशी भेसळ वाढली. गाठीत सरकी, माती, पाणी, आखूड धाग्याची रुई. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदा केला आणि निरीक्षक नेमले. त्याच काळात खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी इथे हिंगणघाटच्या चांगल्या जातीचं बी आणवलं. बी चांगलं, पण गाठ बांधल्यावर आत काय आहे ते कोण सांगणार? उत्तर यायला साठ वर्षं लागली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक प्रेसला सरकारकडून एक चिन्ह मिळालं आणि प्रत्येक गाठीवर ते चिन्ह व अनुक्रमांक घालणं बंधनकारक झालं. हजारो मैलांवर मँचेस्टरात किंवा ओसाकात गाठ उघडून आत दगड निघाला तरी तो कुठल्या प्रेसमधून आला ते आता सांगता येणार होतं. भेसळ बंद झाली असं नाही, पण तिला पत्ता मिळाला. २०२२ मध्ये कस्तुरी कॉटन भारत ही योजना आली, आणि गाठीवर क्यूआर कोड लागून तिचा प्रवास वाचता येऊ लागला. माझी तक्रार एवढीच की हा प्रवास प्रेसपासून पुढे नीट दिसतो आणि मागे शेताच्या बांधाकडे जाताना धूसर होतो. शंभर शेतकऱ्यांचा कापूस जिनिंगच्या एकाच ढिगात पडतो. ज्याने वेचणीच्या वेळी कवडी वेगळी काढली, पालापाचोळा येऊ दिला नाही, त्याचं नाव त्या ढिगातच विरतं.

जनावरांबद्दल थोडक्यात. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. हे गाव आता नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत धुळ्यात होतं. तिथला जाणता व्यापारी घोड्याचे दात पाहतो, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी आहे का ते पाहतो, आणि अंगावरचे भोवरे मोजतो. केसांचे हे भोवरे कुठल्याही दोन घोड्यांचे सारखे नसतात. शुभाशुभाचा भाग सोडला तरी ओळख पटवायला ही निसर्गाने दिलेली मोहर आहे, आणि परदेशात घोड्याचा पासपोर्ट करतात तेव्हा त्याच्या आकृतीवर हेच भोवरे फुल्या मारून दाखवतात. गाय-बैलांच्या कानात आता बारा अंकी पिवळा बिल्ला आहे. तो लसीच्या नोंदीसाठी लागतो, पण बाजारात जनावर कुणाचं हे सांगायलाही तो उपयोगी पडतो. फक्त कान कापला की बिल्ला गेला. डागाच्या खुणेत ती सोय चोराला नव्हती, पण डागाच्या वेदना जनावराला होत्या, म्हणून बिल्लाच बरा.

आता खुद्द मायक्रोडॉटची कुळी. तिचा आरंभ चोरी रोखण्यासाठी झाला नव्हता. १८३९ मध्ये, छायाचित्रण नुकतं जन्मलेलं असताना, इंग्लंडच्या जॉन बेंजामिन डान्सरने एका चित्राचा आकार १६० पटींनी लहान करून दाखवला. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला तेव्हा रेने दाग्रोंने हजारो संदेश फिल्मच्या बारीक पापुद्र्यांवर उतरवले आणि ते कबुतरांच्या शेपटीला बांधून शहरात पाठवले. मजकूर खऱ्या अर्थाने ठिपक्याएवढा केला तो इमान्युएल गोल्डबर्गने. मॉस्कोत जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ जर्मनीत प्राध्यापक आणि नंतर ड्रेस्डेनच्या झाइस आयकॉन कंपनीचा प्रमुख झाला. १९२५ मध्ये त्याने इतकं बारीक छायाचित्र काढून दाखवलं की एका चौरस इंचात पन्नास बायबलांचा मजकूर मावावा. १९३३ मध्ये नाझींनी त्याला पळवून नेलं, सुटल्यावर त्याने देश सोडला आणि पुढे पॅलेस्टाइनला गेला. त्याचंच तंत्र दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेरांनी पत्रातल्या पूर्णविरामाच्या जागी लपवलं. युद्ध संपल्यावर एफबीआयच्या प्रमुखाने १९४६ मध्ये या तंत्रावर गाजलेला लेख लिहिला, आणि श्रेय भलत्याच एका प्राध्यापकाला दिलं. ज्या ठिपक्यावर पुढे साऱ्या जगाने मालकांची नावं लिहिली, त्याच्या जनकाचं नाव कित्येक दशकं हरवलेलं राहिलं. चरित्रकार मायकेल बकलंड यांनी ते २००६ मध्ये पुस्तक लिहून परत मिळवून दिलं. हे वाचताना मला राजवाड्यांची आठवण झाली. हरवलेल्या नावाचा माग काढणं हेही एक आयुष्यभराचं काम असतं.

लपवण्याचं तंत्र ओळखण्याच्या कामी लागलं ते १९७० च्या दशकात. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत रंगीत थरांचे सूक्ष्म कण तयार झाले. थरांचा क्रम हाच क्रमांक. ते स्फोटकांत मिसळले की स्फोटानंतरच्या राखेतही सापडत. स्वित्झर्लंडने १९८० पासून स्फोटकांत असे कण सक्तीचे केले. तिथून पुढचं पाऊल म्हणजे मोटारींवर फवारलेले ठिपके. ऑस्ट्रेलियात ते रुळले, आणि मोटारचोरीने गांजलेल्या दक्षिण आफ्रिकेने १ सप्टेंबर २०१२ पासून प्रत्येक नव्या गाडीवर ते बंधनकारक केले.

खानदेशात याची गरज का, ते नकाशा पाहिला की कळतं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. रात्री धुळ्यातून निघालेली मोटारसायकल शिरपूरवरून मध्य प्रदेशात किंवा नवापूरवरून गुजरातेत पहाटेच्या आत पोहोचते. गाडीची ओळख म्हणून आपल्याकडे काय आहे? एमएच-१९ किंवा एमएच-१८ ची पाटी, इंजिन नंबर आणि चासी नंबर. पाटी पान्याने निघते. म्हणून १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असलेली, न उघडणाऱ्या कुलपाची पाटी आली, आणि जुन्या गाड्यांना ती बसवण्यासाठी राज्यात २०२५ मध्ये मुदतीमागून मुदती दिल्या गेल्या. चासी नंबर धातूवर ठोकलेला असतो. चोर तो घासून काढतो आणि दुसरा ठोकतो. पण धातू सहजासहजी विसरत नाही. ठसा ठोकताना अक्षराखालचा धातूही खोलवर दबलेला असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण पोलादावर लावलं की दबलेला भाग वेगळ्या गतीने झिजतो आणि पुसलेला आकडा पुन्हा वर येतो. माझ्या हंड्यावरचं नावही असंच, ठोकलेलं असल्यामुळे टिकलं.

गाडी अख्खी विकली जाते तेव्हा हे सगळं चालतं. ती तासाभरात सुटी झाली की चाक, कार्बुरेटर, सायलेन्सर, टाकी यांवर कुठलाच क्रमांक नसतो. मायक्रोडॉटचं खरं मोल इथे आहे, सुट्या भागावरही तोच क्रमांक राहतो. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये याचा मसुदा प्रसिद्ध केला. गाड्यांवर व त्यांच्या भागांवर मायक्रोडॉट लावायचे तर ते एआयएस-१५५ या मानकाप्रमाणे असावेत, असं त्यात होतं. तंत्र आलं, मानक आलं. पण गावातल्या गॅरेजवर उभ्या असलेल्या गाड्यांवर ते अजून दिसत नाही.

आणि मला गाड्यांहून जास्त काळजी विहिरीची आहे. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत ऐन उन्हाळ्यात पंपाची मोटार किंवा केबल चोरीला गेली तर आठ दिवसांत घड वाळतात. चोराला केबल विकून जे मिळतं त्याच्या कितीतरी पट शेतकऱ्याचं जातं. माझ्या एका नातेवाइकाच्या शेतातून केबल गेली तेव्हा दोन शेतांपलीकडे रबर जाळल्याचा काळा डाग सापडला. तांबं वितळायच्याही आधी तिथेच त्याचं नाव संपलं होतं. वेष्टन जाळलं की तार कुणाचीही होते. इंग्लंडात चर्चच्या छपरांवरचं शिसं असंच जायचं. तिथे धातूवर ओळखीचा द्रव फासला गेला, पण त्यासोबत २०१३ मध्ये भंगाराच्या व्यवहाराचा कायदाही झाला. भंगारवाल्याने रोखीने घ्यायचं नाही, विकणाऱ्याची ओळख नोंदवून ठेवायची. माझ्या मते यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा आहे. मोडीचा काटा जिथे आहे तिथे चोरी पैशात बदलते. त्या काट्याजवळ दिवा आणि वही नसेल तर लाखो ठिपके फवारून उपयोग नाही. आपल्याकडेही चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतल्या ४११ कलमाची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाने घेतली आहे. पण माल चोरीचा आहे हे कळावं कसं, याची सोय भंगाराच्या दुकानात नाही.

जागल्या इथेच आठवतो. त्याच्याजवळ यंत्र नव्हतं. खूण वाचण्याची नजर होती, माणसांची ओळख होती, आणि शीव ओलांडताना जबाबदारी कुणावर गेली हे ठरलेलं होतं. आज खूण कोरणारं यंत्र उत्कृष्ट आहे. वाचणारा मात्र दूर गेला. हंड्यावरचं नाव आजी स्वतः वाचायची. एचयूआयडी वाचायला भिंग आणि ॲप लागतं, मायक्रोडॉट वाचायला दिवा आणि कुठल्याशा कंपनीची नोंदवही. ज्याची वस्तू त्यालाच आपली खूण वाचता येत नाही, हे मला खटकतं. म्हणून प्रत्येक पोलीस ठाण्यात, बाजार समितीत आणि मोठ्या भंगार दुकानात अतिनील दिवा हवा, आणि धुळ्यातली नोंद मध्य प्रदेशातल्या सेंधव्याला, नवापुरातली नोंद गुजरातेतल्या सोनगडला त्याच रात्री दिसायला हवी. मोबाईलच्या बाबतीत हे जमलं आहे. मे २०२३ पासून संचार साथी पोर्टलवर चोरीला गेलेल्या फोनचा पंधरा अंकी आयएमईआय नोंदवला की तो फोन देशात कुठेही बंद पडतो आणि पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला की कळतं. फोनचं जे झालं ते पंपाच्या मोटारीचं होऊ शकतं.

ते होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करा. घरातल्या एका वहीत गाडीचा इंजिन आणि चासी नंबर, पंपाच्या मोटारीच्या पाटीवरचा अनुक्रमांक, फोनचा आयएमईआय (तो *#०६# दाबून दिसतो), बैलाच्या बिल्ल्याचे बारा आकडे आणि प्रत्येक दागिन्याचा एचयूआयडी लिहून ठेवा. सराफाकडून एचयूआयडी आणि शुद्धता वेगळी लिहिलेली पक्की पावती मागा, आणि दुकानातच भिंग मागून तो क्रमांक स्वतः वाचा. पंपाच्या मोटारीवर वेल्डिंगवाल्याकडून गावाचं आणि स्वतःचं नाव ठोकून घ्या, रंगाने नव्हे, ठिपक्यांनी. रंग खरवडला की जातो, ठोकलेलं नाव राहतं.